जांबोटीच्या जीपमधील पंखा-नियंत्रक : वाहनातील विजेत टिकणाऱ्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सचे एक प्रकरण

खानापूरहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रवासी आणि माल वाहणाऱ्या एका जुन्या डिझेल जीपचे हे प्रकरण आहे. चढावर भरलेल्या गाडीचे इंजिन तापत असल्यामुळे मालकांनी रेडिएटरपुढे १२ व्होल्टचा एक जादा विजेचा पंखा बसवून घेतला होता, आणि त्यांच्या भाच्याने, जो बेळगावात डिप्लोमा करतो, तो पंखा आपोआप चालू-बंद करणारे एक छोटे यंत्र तयार केले होते. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), तापमान मोजणारा १० किलोओहमचा थर्मिस्टर, दोन ओळींचा एलसीडी, एक रिले (विजेने चालणारा स्विच) आणि ९० अंशांना पंखा चालू, ८५ अंशांना बंद असा साधा प्रोग्राम, एवढाच त्याचा पसारा होता. घरच्या टेबलावर, अडॅप्टरवर, हे यंत्र आठवडाभर विनातक्रार चालले. गाडीत मात्र पहिला बोर्ड काही दिवसांतच जळला आणि दुसरा पावसाळ्याच्या शेवटी एका रात्री एलसीडी आणि रिलेच्या ट्रान्झिस्टरसह निकामी झाला. माझ्याकडे हे प्रकरण आले ते दुसऱ्या बोर्डाचे अवशेष घेऊन, आणि "पार्ट डुप्लिकेट मिळाले" या सर्वांनीच मान्य करून टाकलेल्या निदानासह.

हे निदान मला पटले नाही. स्वस्त मॉड्यूलमध्ये कमअस्सल चिप असते हे खरे असले, तरी या यंत्राच्या तक्रारी नीट ऐकून घेतल्यावर त्या एकमेकींपासून वेगळ्या असल्याचे लक्षात आले. सेल्फ मारला की एलसीडी कोरा पडतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ही एक तक्रार होती. पंखा लागला की तापमान एकदम खाली उतरते आणि रिले टकटक करू लागतो, ही दुसरी. तिसरी तक्रार मालकांनी सहज बोलताना सांगितली आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटली : "किल्ली काढली तरी आकडे जरा वेळ दिसत ऱ्हातात बघा, आन् कवाकवा सेटिंग बी पुसून जातंय." या तीन तक्रारी आणि बोर्ड दोनदा जळणे, अशा चार घटनांना चार वेगळी कारणे असू शकतात, हे धरूनच पुढचा तपास केला.

गाडीतले बारा व्होल्ट

पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे बहुतेक गॅरेजांत अजूनही डायनामोच म्हणतात, ती १३.८ ते १४.४ व्होल्टवर भारत राहतो. हा झाला शांत काळ. सेल्फ मारताना हेच व्होल्टेज ६ व्होल्टच्या आसपास उतरू शकते, आणि काही क्षणी त्याच तारेवर शंभर व्होल्टच्या घरातले धक्के येतात. हे धक्के कसे असतात याचे वर्णन वाहन उद्योगाने आयएसओ ७६३७-२ आणि आयएसओ १६७५०-२ या दोन मानकांत करून ठेवले आहे. हौशी माणसाला ती मानके विकत घेण्याची गरज नाही, पण त्यांतील तीन-चार घटनांचे आकडे माहीत असल्याशिवाय गाडीसाठी यंत्र बनवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या बोर्डात गाडीची तार थेट नॅनोच्या व्हिन (बाहेरचा पुरवठा घेणाऱ्या) पिनेला जोडलेली होती. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नॅनोंवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणारी चिप, असतो आणि त्याची इनपुट मर्यादा १५ व्होल्ट आहे. म्हणजे गाडी सुरळीत चालू असतानासुद्धा तो मर्यादेला जेमतेम टेकून उभा होता. त्यात एलसीडीच्या बॅकलाइटसह सगळा मिळून सुमारे १२० मिलिअँपिअर प्रवाह, १४.२ मधून ५ वजा केले की उरलेल्या ९.२ व्होल्टचे १.१ वॅट उष्णतेत जातात, आणि नखाएवढ्या त्या चिपला ती उष्णता टाकायला जागाच नसते. भर दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे हवाच एवढी तापते की असा रेग्युलेटर तग धरणे कठीण. हा बोर्ड जळण्यात आश्चर्य नव्हते, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवला नाही.

दुसऱ्या बोर्डासाठी भाच्याने एलएम२५९६ या रेग्युलेटरचे तयार मॉड्यूल वापरले. ते ४० व्होल्टपर्यंत चालते, म्हणजे १४ च्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे काळजी मिटली असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब बहुतेक हौशी मंडळी करतात आणि तो चुकतो, कारण गाडीतील धक्के व्होल्टेजच्या आकड्यावरून मोजून भागत नाही. धक्का किती व्होल्टचा, तो किती वेळ टिकतो, आणि तो ज्या स्रोतातून येतो त्याचा अंतर्गत रोध किती, या तिन्हींचा मिळून जो ऊर्जेचा आकडा निघतो, त्यावर उपाय ठरतो.

दोन उदाहरणे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते. वायरिंगच्या स्वतःच्या इंडक्टन्समुळे (प्रवाह एकदम थांबू न देण्याच्या गुणामुळे) येणारा एक धक्का मानकात +११२ व्होल्टपर्यंत धरलेला आहे, पण त्याचा काळ ५० मायक्रोसेकंद आणि स्रोताचा रोध २ ओहम आहे. जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन दाबणाऱ्या एखाद्या टीव्हीएस डायोडने तो ३८ व्होल्टवर दाबला तर डायोडमध्ये जिरणारी ऊर्जा काही दशक मिलिज्यूलच भरते. दुसरी घटना लोड डंपची. अल्टरनेटर जोरात बॅटरी भारत असताना बॅटरीची जोडणी तुटली, तर त्याच्या फिरत्या कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र लगेच मावळत नाही. तोवर आउटपुट चढत जाते आणि १२ व्होल्टच्या गाडीत ते ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत पोचू शकते, ४० ते ४०० मिलिसेकंद टिकते, आणि स्रोताचा रोध अर्धा ते चार ओहम एवढा कमी असतो. शिखराचे व्होल्टेज पहिल्या घटनेपेक्षा कमीच, पण ऊर्जा कित्येक दशक ज्यूल, म्हणजे हजारपटीच्या घरात. पहिल्या घटनेला पुरून उरणारा टीव्हीएस दुसऱ्या घटनेत फुटतो.

मोजणी

बॅटरीवर चालणारा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) आणि १०:१ प्रोब घेऊन मोजणी केली. पहाटेच्या गारठ्यात सेल्फ मारताना पहिल्या काही मिलिसेकंदांत व्होल्टेज साडेपाचच्या आसपास उतरले, मग सातच्या वर येऊन प्रत्येक सिलिंडरच्या दाबाबरोबर खालीवर होत राहिले. सेल्फची मोटर थांबलेल्या स्थितीतून सुटते तेव्हाच ती सर्वांत जास्त प्रवाह ओढते, म्हणून सर्वांत खोल खड्डा सुरुवातीलाच असतो आणि तो थोडाच वेळ टिकतो. उपाय शोधताना हीच गोष्ट कामी आली.

किल्ली बंद करतानाची मोजणी अधिक बोलकी ठरली. पंख्याच्या रिलेला वीज देणारी तार आणि बोर्डाची तार इग्निशनच्या एकाच जोडावरून घेतलेल्या होत्या. पंखा चालू असताना किल्ली फिरवली की सुमारे १० अँपिअर वाहून नेणाऱ्या मोटरचा पुरवठा तुटतो. मोटरची कॉइल तो प्रवाह तसाच चालू ठेवू पाहते आणि तारेला ऋण बाजूला खेचते. बोर्ड जोडलेला असताना हा धक्का स्कोपवर जवळजवळ दिसलाच नाही. बोर्ड काढून मोजल्यावर मात्र उणे ६० व्होल्टच्याही खाली जाणारा टोकदार खड्डा दिसला. बोर्ड असताना तो दिसत नव्हता, कारण सगळा उलटा प्रवाह रेग्युलेटरच्या चिपमधूनच वाट काढत होता. तारेवर काही दिसत नाही म्हणून तार स्वच्छ आहे असे समजणे किती धोक्याचे असते, हे मला तिथे फार ठळकपणे जाणवले. मानकात हीच घटना १२ व्होल्टच्या गाडीसाठी उणे ७५ ते उणे १५० व्होल्ट, सुमारे २ मिलिसेकंद आणि १० ओहम अशी धरलेली आहे.

या खड्ड्यानंतर लगेच व्होल्टेज पुन्हा धन बाजूला येऊन दहाच्या आसपास थांबले आणि सेकंद-दीड सेकंदात हळूहळू विझले. पंख्याची पाती जडत्वाने फिरत होती आणि मोटर आता जनित्र झाली होती. किल्ली काढल्यावरही आकडे दिसत राहण्याचे कारण हेच, आणि सेटिंग पुसले जाण्याचेही. पुरवठा असा रेंगाळत उतरतो तेव्हा मायक्रोकंट्रोलर ना धड चालू असतो ना बंद. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या नॅनोवरील एटीमेगा३२८ ला साधारण ३.८ व्होल्ट तरी हवे असतात, पण आर्डुइनोमध्ये त्याचा ब्राउनआउट पहारा, म्हणजे व्होल्टेज फार उतरले की चिप थांबवून ठेवणारी सोय, २.७ व्होल्टवर लावलेला असतो. मधल्या पट्ट्यात प्रोग्राम भरकटून ईईप्रॉममध्ये (सेटिंग साठवणाऱ्या स्मृतीत) वाटेल ते लिहू शकतो.

तापमान उतरण्याचे कोडे मल्टिमीटरने सुटले. थर्मिस्टरची एक तार इंजिनच्या बॉडीला अर्थ केलेली होती आणि पंख्याचा परतीचा प्रवाहही त्याच बॉडीतून, गंजलेल्या अर्थिंग पट्टीवाटे बॅटरीकडे जात होता. पट्टीवर पंखा चालू असताना ०.२ व्होल्ट पडत होते. एवढ्याने काय होते असे वाटेल, पण ९० अंशांवर थर्मिस्टरवर मुळात ०.४३ व्होल्टच असतात, त्यात ०.२ ची भर पडली की नियंत्रकाला तेच इंजिन सुमारे ७६ अंशांवर असल्यासारखे दिसते. मग तो पंखा बंद करतो, पट्टीवरचे ०.२ व्होल्ट नाहीसे होतात, तापमान पुन्हा ९० दिसते, पंखा पुन्हा लागतो. रिलेची टकटक ही अशी होती, आणि प्रत्येक टकटकीबरोबर तारेवर एक नवा धक्का जात होता.

दुसरा बोर्ड कशाने गेला याचा पुरावा परिस्थितिजन्य आहे, पण मला तो पुरेसा वाटतो. बॅटरीच्या धन टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि पकड हाताने फिरत होती. अल्टरनेटरची डायोड प्लेट पूर्वी कधीतरी बदललेली होती. आधुनिक अल्टरनेटरमध्ये लोड डंप ३५ व्होल्टच्या आसपास दाबून धरणारे डायोड असतात, तसे बदललेल्या प्लेटमध्ये असतीलच असे नाही. बोर्ड गेला त्या रात्री खड्ड्यांतून येताना आतला दिवा आणि एक हेडलाइटही त्याच क्षणी उडाला होता, हे चौकशीअंती समजले. मॉड्यूलवरील ३५ व्होल्टचा कपॅसिटर फुगलेला होता आणि एलएम२५९६ चे इनपुट व आउटपुट आतून शॉर्ट झालेले होते. अशा बक (स्विच उघडमीट करून व्होल्टेज उतरवणाऱ्या) रेग्युलेटरचा स्विच शॉर्ट झाला की कॉइलमधून गाडीचे पूर्ण व्होल्टेज ५ व्होल्टच्या रेषेवर उतरते. म्हणूनच नॅनो, एलसीडी आणि रिलेचा ट्रान्झिस्टर सगळे एकदम गेले. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरी सोडून पाहण्याचा सल्ला एका मेकॅनिकने दिला. तो प्रयोग कुणीही करू नये, गाडीतील बाकीचे सामानही त्यात जाते.

तिसरा बोर्ड

रचना बदलताना पहिले काम गाडीच्या वायरिंगमध्ये केले, कारण मुळाशी थांबवता येणारा धक्का बोर्डावर झेलण्यात अर्थ नाही. पंख्याचा मुख्य प्रवाह आता बॅटरीवरून स्वतंत्र २० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेकडे येतो, आणि इग्निशनच्या तारेवर रिलेची कॉइल व बोर्ड एवढेच उरले. कॉइलवर उलटा डायोड लावला. टर्मिनल घासून, घट्ट करून ग्रीस लावले आणि अर्थिंग पट्टी नवीन घातली. थर्मिस्टर दोन तारांचा, बॉडीपासून अलग असा घेतला. त्याची परतीची तार बोर्डावरच येते, आणि पिनेआधी १० किलोओहम व १ मायक्रोफॅरडची गाळणी आहे. एवढे केल्यावरच तापमानाचे आकडे स्थिर झाले.

बोर्डाच्या तोंडाशी १ अँपिअरचा फ्यूज आहे आणि त्यामागे १एन४००७ डायोड. तो १००० व्होल्टपर्यंतचा उलटा दाब अडवतो, त्यामुळे ऋण धक्के आणि चुकून उलटी लावलेली बॅटरी या दोन्हींचा प्रश्न एकाच फुटकळ किमतीच्या वस्तूने सुटतो. यूएफ४००७ मिळाला तर तो अधिक वेगवान असल्याने बरा, पण डायोडनंतर मोठा कपॅसिटर असल्यामुळे साध्यानेही काम भागते. शॉट्की डायोड व्होल्टेज कमी खातो म्हणून भाच्याला तो हवा होता. नेहमी मिळणारा एसएस३४ उलट बाजूला ४० व्होल्टच सोसतो, म्हणून तो नाकारला.

त्यानंतर आयआरएफ९६४० हा २०० व्होल्टचा पी-चॅनेल मॉस्फेट, म्हणजे गेट या टोकावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच, आहे. त्याचे गेट १०० किलोओहममधून ऋणाकडे ओढलेले असते, त्यामुळे एरवी तो चालू राहतो. गेट आणि सोर्स (वीज आत येण्याचे टोक) यांमध्ये १२ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड, त्याला सांभाळतो. एक बीसी५५७ ट्रान्झिस्टर गेट-सोर्सवर बसवला असून त्याच्या बेसपासून ऋणाकडे १८ व्होल्टचा झेनर आणि १० किलोओहम जातात. व्होल्टेज सुमारे १९ च्या वर चढले की हा ट्रान्झिस्टर गेटला सोर्सशी जोडतो आणि मॉस्फेट बंद होतो. लोड डंपची ऊर्जा अशी अंगावर घेतलीच जात नाही. मॉस्फेट ते ४०० मिलिसेकंद मिटून राहतो. तेवढ्या वेळात बोर्ड रीसेट झाला तरी चालते, कारण पंख्याला अर्धा सेकंद उशीर झाल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही. घाटात बंद पडलेल्या जीपला लॉरीच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून स्टार्ट देण्याची पद्धत आहे. तेव्हाही हाच मॉस्फेट बोर्डाला दूर ठेवतो.

टीव्हीएस, एसएमबीजे२४ए, मॉस्फेटच्या मागे, म्हणजे बोर्डाच्या बाजूला, आहे आणि ही जागा महत्त्वाची आहे. मॉस्फेट बंद होण्याआधी जे सूक्ष्म धक्के निसटतात ते तो ३९ व्होल्टच्या आत दाबतो. तोच मॉस्फेटच्या आधी लावला असता तर पहिल्या लोड डंपमध्ये जळाला असता. त्याला लागून १००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंशांचा कपॅसिटर आहे. सेल्फच्या वेळी तारेवर खड्डा पडतो तेव्हा डायोड कपॅसिटरला मागे रिकामा होऊ देत नाही, आणि १२० मिलिअँपिअर घेणारा बोर्ड १५ मिलिसेकंदांत त्यातले १.८ व्होल्टच खर्च करतो. सर्वांत खोल खड्डा असा पार होतो. पुढच्या सात व्होल्टवर रेग्युलेटर स्वतःच तगतो.

रेग्युलेटर म्हणून एलएम२९४० घेतला. तो वाहनांसाठीच बनवलेला आहे, ६० व्होल्टपर्यंतचा अल्पकालीन धक्का सोसतो आणि या प्रवाहाला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी फरकावर चालतो. उष्णता पुन्हा एक वॅटच आहे, पण आता ती बेळगावच्या उद्यमबागेत मिलिंग करून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या डबीत स्क्रूवाटे उतरते. या चिपची एक अट पाळावीच लागते : आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरड हवेत आणि त्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध फार कमीही नको. भाच्याने आधी सिरॅमिक लावला तेव्हा ५ व्होल्टच्या रेषेवर कंपने दिसली. साधा इलेक्ट्रोलायटिक लावताच ती थांबली. नॅनोचा ब्राउनआउट पहारा ४.३ व्होल्टवर नेला, आणि त्यानंतर सेटिंग पुसले गेल्याची तक्रार आली नाही.

सुटे भाग मिळवणे सीमाभागात फारसे अवघड नाही, कारण पुण्याच्या बुधवार पेठेत आणि बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर जाणारे कुणी ना कुणी ओळखीचे असतेच. कणकुंबीचा पाऊस ध्यानात घेऊन बोर्डाला कोटिंग दिले, जंपर तारा काढून क्रिंप टर्मिनल वापरली आणि मोठा कपॅसिटर सिलिकॉनने चिकटवला. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारा टाळावा. तो वाळताना सोडतो ते आम्ल तांबे खाते.

चाचणीसाठी महागडे यंत्र नव्हते. एक जुना रिले त्याच्याच बंद संपर्कातून जोडून सतत फडफडत ठेवला आणि त्याच्याच तारांवर बोर्ड तासभर चालवला. ही फडफड खऱ्या वायरिंगपेक्षा कठोर असते. लोड डंपची नक्कल करण्यासाठी ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६० व्होल्टपर्यंत भारून २ ओहममधून बोर्डावर सोडला. त्यात साडेआठ ज्यूल असतात, म्हणून चष्मा लावून, एक हात मागे ठेवून आणि नंतर कपॅसिटर रोधातून रिकामा केल्याची मीटरने खात्री करूनच हे काम करावे. बोर्ड एकदा रीसेट झाला आणि पुन्हा चालू झाला, जे अपेक्षितच होते.

पुढच्या पावसाळ्यानंतर डबी उघडली तेव्हा आत सर्व ठीक होते. सेन्सरच्या कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट डाग होता, तो कनेक्टर आता रबरी टोपीच्या प्रकारचा घातला आहे. मालकांच्या एका नातलगांनी २४ व्होल्टच्या टिपरसाठी हाच बोर्ड मागितला आहे, पण तो जसाच्या तसा देता येणार नाही. १९ व्होल्टच्या कटऑफमुळे तो तिथे कधी चालूच होणार नाही. शिवाय २४ व्होल्टच्या वाहनात लोड डंप १५१ ते २०२ व्होल्टचा धरतात, म्हणजे २०० व्होल्टचा मॉस्फेट तिथे अपुरा. झेनर, मॉस्फेट, टीव्हीएस, मोठा कपॅसिटर आणि २६ व्होल्टला स्वतःहून बंद होणारा एलएम२९४० हे सगळेच बदलावे लागेल, आणि त्यासाठी आधी त्या टिपरवर स्कोप लावून मोजणी करावी लागेल.